चालणे, मानवी : जीवयामिकीय कार्यक्षमता

दोन्ही पायांवर आळीपाळीने शरीराचा भार घेत आणि निदान एक पाय सतत जमिनीला टेकलेला ठेवत शरीर पुढे नेण्याच्या क्रियेस चालणे असे म्हणतात. धावताना प्रत्येक ढांगेत काही क्षण दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. चालताना तसे होत नाही. सजीवांच्या हालचालींना यामिकीचे नियम लावून त्यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेस जीवयामिकी म्हणतात. चालण्यासाठी शरीराने खर्च केलेली ऊर्जा आणि तिच्या मोबदल्यात साधलेले यांत्रिक कार्य यांचे गुणोत्तर म्हणजे चालण्याची जीवयामिकीय कार्यक्षमता, अशी तिची स्थूल व्याख्या करता येते. ही व्याख्या एंजिने व चलित्रे यांच्या अभ्यासातून आलेली असून ती चालण्याला लावताना बऱ्याच अडचणी येतात. त्यामुळे चालण्याचे मूल्यमापन करताना कोणते परिमाण वापरले आहे, हे प्रथम पाहावे लागते. कृत्रिम पाय, आधारपट्ट्या, कुबड्या किंवा शस्त्रक्रिया यांचा रुग्णाला कितपत लाभ झाला, याचा निर्णय या निवडीवर अवलंबून असतो.

इतिहास : इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी आल्फॉन्सो बोरेल्ली (१६०८–७९) यांनी स्नायू व हाडे यांचा तरफा म्हणून विचार केला आणि माणसाला फळीवर निजवून ती फळी तोलून धरून शरीराच्या गुरुत्वमध्याचे स्थान काढले. प्राण्यांच्या हालचालींवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६८०-८१ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनीतील व्हिल्हेल्म व एडुआर्ट व्हेबर या बंधूंनी १८३६ मध्ये मानवी चालण्याच्या यामिकीवर ग्रंथ लिहिला. हवेतून पुढे येणारा पाय लंबकाप्रमाणे केवळ गुरुत्वाकर्षणाने झुलतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्रान्समध्ये एत्येन झ्यूल मारे आणि अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लागोपाठ छायाचित्रे घेऊन हालचालींची नोंद करण्याचे तंत्र विकसित केले. व्हिल्हेल्म ब्राउने व ओटो फिशर यांनी लाइपसिक येथे अंगावर प्रकाशनलिका बांधलेल्या व्यक्तीची छायाचित्रे घेऊन शरीराच्या प्रत्येक भागाचे प्रवेग व प्रेरणा मोजल्या. त्यांचे निष्कर्ष १८९५ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झाले. झुलणाऱ्या पायावरही स्नायूंची प्रेरणा कार्य करते, हे त्यांवरून स्पष्ट झाले व व्हेबर बंधूंचे मत मागे पडले.

ऊर्जाव्ययाच्या बाजूने पाहता सी. जी. डग्लस यांनी १९११ मध्ये उच्छ्‌वासाची हवा साठविणारी पिशवी प्रचारात आणली, तेव्हापासून चालत्या माणसाचा ऑक्सिजनव्यय मोजणे सुलभ झाले. मार्गारिया यांनी १९३८ मध्ये चढ व उतार यांवरील चालण्याचा ऊर्जाव्यय मोजला. दुसऱ्या महायुद्धानंतर पाय गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न तीव्र झाल्याने या विषयास चालना मिळाली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील इनमन, एबरहार्ट, रॉलस्टन इत्यादींचे कार्य या गरजेतून उभे राहिले. काव्हान्या, साइबेने व मार्गारिया यांनी १९६३ मध्ये चालण्याचे बाह्य कार्य मोजले. आधुनिक विवेचनाचा पाया या कामात आहे.

चालण्याचे चक्र : एका पायाची टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या काळास चालण्याचे एक चक्र म्हणतात. नेहमीच्या वेगाने चालताना चक्राच्या सु. ६० टक्के काळ तो पाय जमिनीवर असतो आणि सु. ४० टक्के काळ हवेत झुलतो. चक्रात दोनदा, प्रत्येक वेळी सु. १० टक्के काळ, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले असतात. निरोगी प्रौढ व्यक्ती स्वेच्छेने चालते तेव्हा तिचा वेग दर मिनिटाला सु. ८० मी., म्हणजे ताशी सु. ४·८ किमी. असतो.

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य ओटीपोटात, त्रिकास्थीच्या वरच्या भागासमोर असतो. चालताना तो सरळ रेषेत पुढे जात नाही. शरीर एका पायावर सरळ उभे असते तेव्हा तो सर्वांत उंच आणि दोन्ही पाय टेकलेले असताना सर्वांत खाली असतो. नेहमीच्या वेगाने चालताना या दोन स्थानांतील अंतर सु. ४ ते ५ सेंमी. असते.

ऊर्जेची देवाणघेवाण : टेकलेला पाय जवळजवळ ताठ राहून त्यावरून शरीर एका कमानीत पुढे सरकते. जमिनीवर टोक टेकवून उभी धरलेली काठी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला कलंडावी, तशी ही गती असते. म्हणून तिला उलट्या लंबकाची उपमा देतात. शरीर कमानीच्या माथ्याकडे चढते तेव्हा त्याचा वेग मंदावतो व गतिज ऊर्जेचे रूपांतर स्थितिज ऊर्जेत होते. माथा ओलांडून ते उतरू लागले की उलट रूपांतर होते. अशा देवाणघेवाणीमुळे स्नायूंना प्रत्येक पावलाला सर्व ऊर्जा नव्याने पुरवावी लागत नाही. देवाणघेवाण अजिबात नसती तर जितके कार्य करावे लागले असते, त्यापैकी ताशी सु. ५ किमी. वेगाला ६० ते ७० टक्के कार्य वाचते. वेग यापेक्षा बराच कमी किंवा बराच जास्त झाला की दोन ऊर्जांतील बदलांचा मेळ बिघडतो आणि बचत कमी होते.

लंबकाच्या या उपमेप्रमाणे सपाट जमिनीवर चालण्यास जवळजवळ ऊर्जा लागू नये. प्रत्यक्षात ती लागते. याचे मुख्य कारण एका कमानीवरून दुसऱ्या कमानीवर जाण्याच्या क्षणात आहे. बैलगाडीच्या चाकाची धाव व पुठ्ठे काढून टाकून ते नुसत्या आऱ्यांवर गडगडत नेले, तर प्रत्येक आरा टेकताना धक्का बसतो व चाकाची काही गतिज ऊर्जा नष्ट होते. चालतानाही तसेच होते. मागच्या कमानीवरून खाली येणाऱ्या शरीराला पुढच्या कमानीवर वर वळवावे लागते. या वेळी पुढचा पाय शरीराला अडवितो, म्हणजे ऋण कार्य करतो, आणि मागचा पाय घोट्यातून जमिनीला रेटा देऊन धन कार्य करतो. हा रेटा पुढची टाच टेकण्याच्या ऐन वेळी मिळाला तर धक्क्यातील हानी बरीच घटते. कृत्रिम पायात सजीव घोटा नसल्याने हा रेटा अपुरा पडतो. उरलेली ऊर्जा शरीराचा भार पेलणे, पाय पुढे झुलविणे व तोल सांभाळणे यांसाठी खर्च होते.

पोटरीचे स्नायू व टाचेची कंडरा यांचाही बचतीत वाटा आहे. शरीर पायावरून पुढे जाताना पोटरीच्या स्नायुतंतूंची लांबी फारशी बदलत नाही, ताण कंडरा सोसते व ताणली जाते. शेवटी ती स्प्रिंगसारखी आखडून साठविलेली ऊर्जा परत देते. २०१५ मध्ये कॉलिन्स, विगिन व सॉविकी यांनी घोट्याला स्प्रिंग व खटका असलेले, बाहेरून कोणतीही ऊर्जा न घेणारे एक हलके साधन बसविले. त्यामुळे निरोगी व्यक्तींचा चालण्याचा ऊर्जाव्यय सु. ७ टक्क्यांनी घटला.

कार्यक्षमतेची व्याख्या व तीतील अडचणी : पाणी उपसणाऱ्या पंपाने किती पाणी किती उंचीवर नेले, हे ठाऊक असले की त्याचे उपयुक्त कार्य निश्चित होते. सपाट रस्त्यावर एकसमान वेगाने एक किमी. चाललेल्या माणसाचा गुरुत्वमध्य प्रारंभी होता त्याच उंचीवर शेवटी असतो आणि वेगही तोच असतो. हवेचा अल्प रोध सोडला तर त्याने परिसरावर केलेले निव्वळ कार्य शून्य असते. यंत्राची व्याख्या काटेकोरपणे लावली तर त्याची कार्यक्षमता शून्य भरेल. ही विसंगती टाळण्यासाठी स्नायूंनी केलेले धन कार्य तेवढे अंशस्थानी घेतात. त्याचे दोन भाग मानतात : गुरुत्वमध्य उचलण्यासाठी व त्याला प्रवेग देण्यासाठी लागणारे बाह्य कार्य आणि हातपाय गुरुत्वमध्याच्या सापेक्ष हलविण्यासाठी लागणारे अंतर्गत कार्य. या पद्धतीने काव्हान्या व कानेको यांनी १९७७ मध्ये काढलेली कार्यक्षमता मध्यम वेगाला ३५ ते ४० टक्के भरली. आखडून कार्य करणाऱ्या स्नायूची कमाल कार्यक्षमता सु. २५ टक्केच असते. हा फरक कंडरांतून परत मिळणाऱ्या ऊर्जेसारख्या ‘फुकट’ कार्यामुळे पडतो, असा त्याचा अर्थ लावतात.

छेदस्थानी कोणती ऊर्जा घ्यावी, हाही प्रश्न असतो. चालण्याच्या काळात शरीराने खर्च केलेली सर्व ऊर्जा घेतल्यास स्थूल कार्यक्षमता मिळते. विश्रांतीच्या अवस्थेतील व्यय वजा केल्यास निव्वळ कार्यक्षमता मिळते. समजा, दर किग्रॅ. वजनामागे दर मीटरला स्थूल व्यय ३·० जूल, निव्वळ व्यय २·१ जूल आणि धन कार्य ०·६ जूल आहे. एकाच व्यक्तीच्या एकाच चालण्याची कार्यक्षमता पहिल्या हिशोबाने २० टक्के व दुसऱ्या हिशोबाने सु. २९ टक्के येते. धन कार्य मोजतानाही फरक पडतो. दोन्ही पाय टेकलेले असताना एक पाय धन व दुसरा ऋण कार्य करीत असतो. दोहोंची बेरीज एकत्र घेतल्यास ती परस्परांना खोडतात. डॉनलन, क्रॅम व कूओ यांनी २००२ मध्ये प्रत्येक पायाचे कार्य वेगळे मोजले, तेव्हा एकत्रित पद्धतीत बाह्य कार्य सु. एक तृतीयांशाने कमी धरले जाते, असे आढळले.

याहून गंभीर अडचण अपसामान्य चालीच्या बाबतीत येते. गुडघा न वाकणारी व्यक्ती पाय जमिनीवरून सोडविण्यासाठी एका बाजूचा कटिभाग वर उचलते, धड हेलकावते आणि पाय बाहेरून फिरवून पुढे आणते. या हालचालींत यांत्रिक कार्य वाढते व ऊर्जाव्ययही वाढतो. दोन्ही एकाच प्रमाणात वाढले तर त्यांचे गुणोत्तर तेच राहते आणि कागदावर ती व्यक्ती निरोगी व्यक्तीइतकीच कार्यक्षम ठरते. निरुपयोगी हालचाल अंशात जमा होत असल्याने हे गुणोत्तर अपव्यय झाकून ठेवते. उलट, मस्तिष्क पक्षाघात झालेल्या मुलात परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आखडतात. तेथे ऊर्जा खर्च होते, पण बाह्यतः कार्य दिसत नाही. म्हणून दोन रुग्णांची किंवा एकाच रुग्णाच्या उपचारापूर्वीच्या व नंतरच्या चालीची तुलना या गुणोत्तरावरून करणे योग्य ठरत नाही.

दर मीटरचा ऊर्जाव्यय : वरील कारणांमुळे दर किग्रॅ. वजन एक मीटर अंतर नेण्यास किती ऊर्जा लागली, हे परिमाण अधिक विश्वसनीय मानले जाते. त्यात चालण्याची फलनिष्पत्ती म्हणजे कापलेले अंतर, असे गृहीत आहे आणि चालणाऱ्याचाही हेतू तोच असतो. निरोगी प्रौढ व्यक्ती दर मिनिटाला ८० मी. वेगाने चालताना दर किग्रॅ.मागे दर मिनिटाला सु. १२ मिलि. ऑक्सिजन वापरते, म्हणजे दर मीटरला ०·१५ मिलि. एक मिलि. ऑक्सिजनमागे सु. २० जूल ऊर्जा मुक्त होते, हे लक्षात घेता हा व्यय दर मीटरला सु. ३ जूल होतो. साठ किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस एक किमी. चालण्यास त्यानुसार सु. १८० किलोजूल, म्हणजे सु. ४३ किलोकॅलरी लागतात. सु. १२ ग्रॅम ज्वारीच्या पिठातून एवढी ऊर्जा मिळते.

हा व्यय गुरुत्व प्रवेगाने भागला म्हणजे परिमाणरहित अंक मिळतो आणि त्यावरून माणूस, प्राणी व यंत्रे यांची तुलना करता येते. माणसाच्या बाबतीत निव्वळ व्ययावरून तो सु. ०·२ येतो. टॅड मॅकगीर यांनी १९९० मध्ये चलित्र नसलेली, सौम्य उतारावर केवळ गुरुत्वाकर्षणाने चालणारी पायांची जोडी बनवून दाखविली. त्याच तत्त्वावर कॉर्नेल विद्यापीठात बनविलेल्या चालत्या यंत्राचा हा अंक २००५ मध्ये सु. ०·२ भरला. प्रत्येक सांधा चलित्राने सतत नियंत्रित करणाऱ्या, त्या काळच्या सुप्रसिद्ध ‘असिमो’ या जपानी यंत्रमानवाचा अंक ३ हून अधिक असावा, असा अंदाज त्या वेळी वर्तविण्यात आला. चालण्यातील काटकसर प्रामुख्याने पायांच्या रचनेत व लंबकगतीत आहे, हे या तुलनेवरून दिसते.

वेग : रॉलस्टन यांनी १९५८ मध्ये दर मिनिटाचा ऊर्जाव्यय वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, असे दाखविले. त्यांच्या सूत्राप्रमाणे दर किग्रॅ.मागे दर मिनिटाचा व्यय कॅलरींत २९ + ०·००५३ वे² इतका असतो. येथे वे म्हणजे मीटर प्रतिमिनिट या एककातील वेग होय. यास वेगाने भागले की दर मीटरचा व्यय मिळतो आणि त्याचा आलेख उथळ वाटीसारखा होतो. व्यय दर मिनिटाला ७४ मी. वेगाला किमान, म्हणजे सु. ०·७८ कॅलरी असतो, ४० मी. वेगाला तो सु. ०·९४ व ११० मी. वेगाला सु. ०·८५ होतो. फार सावकाश चालणेही महाग पडते, कारण शरीर जिवंत व उभे ठेवण्याचा खर्च थोड्या अंतरावर विभागला जातो. माणसे कोणी न सांगता निवडतात तो वेग या किमान बिंदूच्या जवळपास असतो. शरीर ही निवड सतत करीत असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत गुडघ्यावरील यंत्राद्वारे पावलांच्या नेहमीच्या गतीला रोध वाढविला, तेव्हा व्यक्तींनी काही मिनिटांत नवी, स्वस्त पडणारी गती शोधली. बचत ५ टक्क्यांहून कमी असतानाही हा बदल दिसला.

पायाच्या लांबीवर हा वेग अवलंबून असतो. वेगाच्या वर्गाला गुरुत्व प्रवेग व पायाची लांबी यांच्या गुणाकाराने भागल्यास फ्राउड अंक मिळतो. तो सु. ०·२५ असताना लंबकगतीची बचत सर्वोत्तम असते आणि सु. ०·५ झाला की माणूस आपोआप धावू लागतो. ०·९ मी. लांबीच्या पायांसाठी हे वेग अनुक्रमे ताशी सु. ५·३ व ७·६ किमी. येतात. पायांची लांबी याच्या निम्मी असलेल्या मुलासाठी ते ताशी सु. ३·८ व ५·३ किमी. होतात. प्रौढाच्या सोयीच्या वेगाला त्याच्याबरोबर चालणारे मूल मधूनमधून धावते, त्याचे कारण हे होय.

चढ व उतार : चढावर शरीराची स्थितिज ऊर्जा खरोखर वाढते, म्हणून तेथे यंत्राची व्याख्या लागू पडते. तीव्र चढावर कार्यक्षमता सु. २५ टक्के, म्हणजे स्नायूंच्या कमाल कार्यक्षमतेइतकी असते. एक मीटर उंची चढण्यास दर किग्रॅ.मागे सु. ३९ जूल लागतात. तेवढ्या ऊर्जेत सपाटीवर सु. १३ मी. अंतर चालता येते. उतारावर स्नायू ताणले जात असताना रोध करतात व हे ऋण कार्य पुष्कळ स्वस्त असते. सु. १० टक्के उतारावर दर मीटरचा व्यय किमान असतो; उतार त्याहून तीव्र झाला की सावरण्याचा खर्च वाढू लागतो.

ओझे : ओझे शरीराच्या कोणत्या भागावर आहे, याला महत्त्व असते. पावलांवर बांधलेला एक किग्रॅ. भार धडावरील तेवढ्याच भाराच्या चार ते सहा पट महाग पडतो, कारण प्रत्येक पावलाला त्यास नव्याने वेग द्यावा लागतो. जड पादत्राणे व जड कृत्रिम पाय टाळावेत, ते याचसाठी. भारतात दत्ता व रामनाथन यांनी १९७१ मध्ये ओझे वाहण्याच्या सात रीतींची तुलना केली. छाती व पाठ यांवर विभागलेले ओझे सर्वांत स्वस्त ठरले, त्याखालोखाल डोक्यावरील ओझे आले आणि हातांत लोंबते ओझे सर्वांत महाग ठरले.

पूर्व आफ्रिकेतील लुओ व किकुयू स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचे ओझे जादा ऊर्जा खर्च न करता वाहतात, असे १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. ओझ्याखाली त्यांची लंबकगती अधिक नेमकी होते, असे १९९५ मध्ये दाखविण्यात आले. नेपाळमधील भारवाहक पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या सु. ९० टक्के ओझे डोईपट्ट्याने वाहतात व तेही लक्षणीय काटकसरीने, असे २००५ मध्ये आढळले. तथापि दक्षिण आफ्रिकेतील स्त्रियांच्या २०१० मधील अभ्यासात असा सरसकट लाभ आढळला नाही; व्यक्तिव्यक्तींत मोठी तफावत होती. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागांत डोक्यावरून पाणी आणणाऱ्या स्त्रियांना हे निष्कर्ष लावताना सावधगिरी हवी. पन्नास किग्रॅ. वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत २० टक्क्यांची मर्यादा १० किग्रॅ. होते, पंधरा लिटर पाण्याचा भरलेला हंडा भांड्याचे वजन न धरताही ती ओलांडतो. शिवाय ऊर्जाव्यय कमी असला, तरी मानेच्या मणक्यांवरील दाब कमी होत नाही.

मापनाच्या पद्धती : ऊर्जाव्यय मोजण्यासाठी उच्छ्‌वासातील ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे प्रमाण पाहतात. पूर्वी पिशवीत हवा साठवून तिचे विश्लेषण करीत. आता अंगावर बाळगता येण्याजोगी उपकरणे प्रत्येक श्वासाची नोंद करतात. चालणे सुरू केल्यावर व्यय स्थिर होण्यास काही मिनिटे लागत असल्याने पहिल्या तीन ते पाच मिनिटांच्या नोंदी सोडून देतात. यांत्रिक बाजूसाठी प्रेरणामापक फलक, अंगावरील खुणा टिपणारे कॅमेरे व स्नायूंचे विद्युत् आलेखन वापरतात. या नोंदींवरून प्रत्येक सांध्यापाशी झालेले कार्य गणिताने काढता येते. ऊर्जामापन किती खर्च झाला हे सांगते, तर यांत्रिक विश्लेषण तो कोठे झाला याचा शोध घेण्यास मदत करते.

साधने नसतील तेथे मॅकग्रेगर यांनी सुचविलेला शरीरक्रियात्मक व्यय निर्देशांक उपयोगी पडतो. चालताना वाढलेले नाडीचे ठोके भागिले दर मिनिटाचा मीटरमधील वेग, असे त्याचे सूत्र आहे. समजा, विश्रांतीत नाडी ७२ व ८० मी. वेगाने चालताना १०४ आहे. तर निर्देशांक दर मीटरला ०·४ ठोके येतो व तो निरोगी व्यक्तीच्या व्याप्तीत आहे. कुबड्यांवर ३० मी. वेगाने चालणाऱ्या व्यक्तीची नाडी ७८ वरून १२६ वर गेली, तर तो १·६ येतो. यासाठी घड्याळ व मोजलेली वाट एवढेच पुरते. मात्र मानसिक ताण, उष्मा व हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी औषधे यांमुळे हा निर्देशांक बिघडतो. म्हणून एकाच व्यक्तीची ठरावीक काळाने तुलना करण्यास तो विशेष योग्य होय.

अपसामान्य चाल व कृत्रिम पाय : पाय गमावलेल्या व्यक्तींत दर मीटरचा व्यय वाढतो. अपघातात गुडघ्याखाली पाय गमावलेल्यांत ही वाढ सु. एक चतुर्थांश व रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे गमावलेल्यांत सु. ४० टक्के असते. गुडघ्यावर पाय कापलेला असेल, तर ती अनुक्रमे सु. दोन तृतीयांश व जवळजवळ दुप्पट होते. गुडघ्याचा सांधा वाचविण्याचा शल्यचिकित्सकांचा आग्रह या आकड्यांनी समर्थनीय ठरतो. अशा व्यक्तींचा दर मिनिटाचा व्यय मात्र बहुधा निरोगी व्यक्तींइतकाच आढळतो, कारण दमछाक टाळण्यासाठी त्या आपला वेग कमी करतात. दोघांचा व्यय दर मिनिटाला १२ मिलि. असून एकाचा वेग ८० मी. व दुसऱ्याचा ४० मी. असेल, तर दर मीटरचा व्यय ०·१५ व ०·३० मिलि. होतो. अर्ध्या किमी. अंतरावरील बसथांब्यास पहिला सव्वासहा मिनिटांत व दुसरा साडेबारा मिनिटांत पोहोचेल. फक्त दर मिनिटाचा व्यय पाहणाऱ्यास दुसऱ्याची अडचण दिसणार नाही.

मूल्यमापनातील गृहीतकांचा उपचारांवर कसा परिणाम होतो, याचे उदाहरण लक्षणीय आहे. साँडर्स, इनमन व एबरहार्ट यांनी १९५३ मध्ये सामान्य चालीची सहा नियामक लक्षणे सांगितली. गुरुत्वमध्याची वरखाली हालचाल कमी करणे हा त्यांचा हेतू असून त्याने ऊर्जा वाचते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत राहिले. ऑर्टेगा व फार्ली यांनी २००५ मध्ये निरोगी व्यक्तींना गुरुत्वमध्य शक्य तितका समपातळीत ठेवून चालावयास सांगितले, तेव्हा ऊर्जाव्यय जवळजवळ दुप्पट झाला. वाकलेल्या गुडघ्यांवर भार पेलावा लागणे व लंबकाची देवाणघेवाण नाहीशी होणे ही याची कारणे होत. दिसण्यात संथ असलेली चाल स्वस्त असतेच असे नाही.

भारतात पुणे येथे सैन्यदलाचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये व मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास विकसित केलेले रबरी पाऊल अनवाणी चालणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे व ओल्या, उंचसखल शेतातून जाणे या गरजा ध्यानात घेऊन बनविले होते. प्रयोगशाळेच्या सपाट फरशीवर मोजलेल्या ऊर्जाव्ययात यांपैकी एकही गुण दिसत नाही. देशातून पोलिओचे निर्मूलन झाल्याचे २०१४ मध्ये प्रमाणित झाले. पण पूर्वी त्याने अधू झालेल्या अनेक प्रौढ व्यक्ती दुर्बल मांडीवर हात दाबून, धड पुढे वाकवून चालतात. या चालीत गुडघा अडकविण्याचे काम हात करतो. आधारपट्टा दिल्यावर हात मोकळा होतो व पाठ सरळ राहते. दर मीटरचा व्यय तितकाच राहिला, तरी हा लाभ खरा असतो.

मर्यादा : चालताना शरीर केवळ ऊर्जा वाचवीत नाही. पडण्याचा धोका, सांध्यांतील वेदना, स्नायूंचा थकवा व वाटेची स्थिती यांचाही ते विचार करते. निसरड्या वाटेवर लहान पावले टाकणारी वृद्ध व्यक्ती जास्त ऊर्जा देऊन सुरक्षितता मिळविते. तिची चाल सदोष म्हणता येत नाही. म्हणून मूल्यमापनाच्या अहवालात स्वेच्छेने निवडलेला वेग, दर मिनिटाचा व्यय, दर मीटरचा व्यय आणि विश्रांतीतील व्यय वजा केला आहे किंवा नाही, या चारही गोष्टी नमूद करणे आवश्यक असते. त्यांच्या जोडीला ती व्यक्ती दररोज कोठवर, कोणत्या जमिनीवरून व कशासाठी चालते, याची नोंद असेल तरच या आकड्यांवरून उपचाराचा निर्णय घेता येतो.